तळाची चीर

शकुबाईंच्या नाकाला वास लागला आणि तांदूळ पाखडायचं सूप त्यांनी खाली ठेवलं. काहीतरी जळत होतं. अन्न नव्हे, कापडही नव्हे. वास शेजारच्या मालनबाईंच्या खोलीतून येत होता. आत स्टोव्ह फरफरत होता आणि दाराला आतून कडी होती.

सातपूरच्या त्या चाळीत भर दुपारी कुणी दार लावत नसे. मागच्या गल्लीत दिवाळीला एका घरी स्टोव्ह भडकला होता. सासू वाचली, सून गेली. तेव्हापासून शकुबाईंचा कुठल्याच सासूवर विश्वास उरला नव्हता. त्या स्वतः सासू असल्या तरी.

त्यांनी दार ठोठावलं. "मालनबाई, तुमची चांगुणा कुठं हाय?"

"हाय ना इथंच. थोड्या वेळानं या."

"तिला बोलू द्या."

सुनेचा, चांगुणाचा, आवाज आला नाही. शकुबाईंनी दार गदागदा हलवलं. "उघडता का गोळा करू साऱ्या चाळीला?"

कडी निघाली. चांगुणा धडधाकट उभी होती. रडून रडून तिचा घसा बसला होता, एवढंच. स्टोव्हवर उलथनं तापत होतं. शेजारी प्लास्टिकची नवी निळी बादली पालथी पडली होती. लोखंडी बादलीच्या सवयीनं सुनेनं ती नळाखालच्या दगडावर आदळली होती आणि तळाला लांब चीर गेली होती. मालनबाई जुन्या साबणदाणीचे तुकडे चिरेवर ठेवून तापल्या उलथन्यानं वितळवत होत्या, दाबून बसवत होत्या.

शकुबाईंना हसूच फुटलं. "अवं, येवढ्यासाठी दार लावून?"

"सावळीराम कामावरनं यायच्या आत झालं पायजे. त्याला कळलं तर हिला जित्ती नाय सोडायचा."

"तुमचा पोरगा? गरीब गाय तो! मान वर करून बोलत नाय कधी."

"घराबाहेर," मालनबाई म्हणाल्या.

त्यांनी बादली सुलटी करून पाणी ओतलं. तळाखाली एक थेंब जमला. त्यांनी पाणी मोरीत टाकलं आणि उलथनं पुन्हा स्टोव्हवर धरलं.

शकुबाईंनी चिरेवरून बोट फिरवलं. "हात लय बसलाय तुमचा. जन्मभर हेच केलं का काय?"

"कुठलं! सावळीरामच्या बापाच्या वेळेला घरात मातीची मडकी होती. ती सांधता येत नव्हती."