पास झालेला जॉब

“सोबत कोण आलंय?” नर्सने तिसऱ्यांदा विचारलं.

“कोणी नाही,” उत्तरेश्वर म्हणाले.

“मग झोपेचं इंजेक्शन देता येणार नाही, काका. दुखेल.”

“दुखू दे. घरीही एकटाच झोपतो. तिथे कोणी सोबत मागत नाही.”

नर्स हसली नाही. ते कुशीवर वळले. दुर्बिणीची नळी आत सरकली तसा पोटात पीळ पडला. कोणाचा तरी हात धरावासा वाटला. त्यांनी पलंगाचा दांडा धरला.

समोरच्या पडद्यावर त्यांचंच आतडं दिसत होतं. एका वळणावर गाठ आली. डॉक्टर चैतालींनी चित्र मोठं केलं आणि गाठीवर निळा रंग फवारला.

उत्तरेश्वर दुखणं विसरले. भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? ओतीव लोखंडाच्या जॉबवर, म्हणजे सुट्या भागावर, रंग मारायचा, पुसायचा, भेगेत किती उरतो ते बघायचं. भेग वरवरची असली तर घासून जॉब पास. खोल असली तर भंगार.

“मॅडम, वरवर आहे की आत गेलीय?”

डॉक्टरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. “तेच बघतेय.”

त्या नळी मागेपुढे करत गाठ सगळ्या बाजूंनी बघत राहिल्या. उत्तरेश्वरांनीही घाई केली नाही. या कामात घाई चालत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

“गाठीवरची नक्षी शाबूत आहे,” अखेर त्या म्हणाल्या. “वरवरचीच दिसतेय. पोट उघडायला नको, मंगळवारी दुर्बिणीतूनच काढू.”

“म्हणजे पास?”

“पास! पण त्या दिवशी भूल द्यावीच लागेल. सोबत माणूस आणा.”

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मोबाइल काढला. सकाळचे अकरा वाजले होते. मुलगा तेजस याच शहरात, धायरीला राहायचा. रात्रभर अमेरिकेतल्या कंपनीसाठी जागायचा आणि दिवसा फोन बंद ठेवून झोपायचा. माहीत असूनही त्यांनी नंबर लावला. बंदच होता.

कारखान्यात पास झालेल्या जॉबवर ते पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे. तो वाळायच्या आत कोणीतरी येऊन जॉब उचलून न्यायचं.

“काका, झालं ना तुमचं?” नर्सने जाता जाता विचारलं. “मग बसलात का?”

“पास झालोय,” ते म्हणाले. “उचलायला कोणी आलं नाही अजून.”