साबणाचं पाणी

जावईबापूंची महागडी गाडी स्प्रिंगांवर नाही, हवेच्या फुग्यांवर उभी राहायची, आणि हे ते भेटेल त्याला ऐकवायचे. सासऱ्यांच्या गॅरेजवरून जाताना मात्र काच वर करायचे. पण महिनाभर झाला, गाडी रोज सकाळी पुढच्या डाव्या अंगावर बसकण मारलेली सापडायची.

लेकीला भेटायला आलेल्या सासऱ्यांनी वाकून पाहिलं. "फुग्यातून हवा जातेय. साबणाचं पाणी मारून पाच मिनिटांत दाखवतो."

"बाबा, त्या साबणाने आधी हात धुवा," म्हणत जावईबापूंनी गाडी थेट चकाचक सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या कॉम्प्युटरने फुग्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरवर ठपका ठेवला. नवा कॉम्प्रेसर बसला, आणि दुसऱ्या सकाळी गाडीही बसली.

मग मॅनेजर म्हणाला, "साहेब, आता बाहेरून उस्ताद बोलावलेत. असलं दुखणं त्यांनाच सापडतं."

"याला म्हणतात जाणकार माणूस!" जावईबापूंनी बायकोला फोनवर ऐकवलं. "नाहीतर तुझे वडील!"

काचेपलीकडे, वर उचललेल्या गाडीखाली कुणीतरी बाटलीतून फवारा मारला. फुग्याच्या घडीवर पांढरे बुडबुडे फुटले, आणि बाटली घेऊन सासरे बाहेर आले.

जावईबापूंचा उतरलेला चेहरा बघून मॅनेजरने उस्तादांना विचारलं, "ओळखता का साहेबांना?"



"साहेबांना नाही," सासरे हात पुसत म्हणाले. "गाडी ओळखतो. रोज काच वर करून आमच्या दारावरून जाते."