लाल पट्ट्या

दहावीतल्या निकितासाठी फ्लॅग फुटबॉलच्या लाल पट्ट्या कडूबाईनंच आपलं जुनं लुगडं फाडून शिवल्या होत्या. "अंगाला हात लावायचा न्हाय, आई. कमरेची पट्टी ओढली की पळणारीनं जागीच थांबायचं," असं सांगत लेक अंगणात तिच्यासंगं सराव करायची. पण अख्ख्या अणदूर गावात निकिताची पट्टी कुणाच्या हाताला लागली नव्हती, कडूबाईच्या तर नाहीच नाही.

आज राज्याच्या स्पर्धेला जाणारी गाडी शाळेपाशी उभी होती, आणि घरात उमरग्याचे पाव्हणे पोरगी बघायला येऊन बसले होते. "गाडी जाऊ दे, साडी नेस आधी!" बाप ओरडला, तशी खेळाच्या कपड्यातली निकिता कमरेच्या पट्ट्यांसकट मागल्या दाराकडं पळाली. बापाला तिनं चुकवलं, चुलत्याला हुलकावणी दिली. दारात आई उभी दिसली, तेव्हा कुठं तिला हसू फुटलं.

पाव्हण्यांपुढं शोभा नको म्हणून कडूबाईनं हात पुढं केला आणि पट्टी ओढली.



पोरगी नियमाला पक्की. जागीच थांबली.