कसेल त्याची

"जमीन कोण कसतं, पोरी?"

मामलेदाराचा तो आवाज आग्नेसबायच्या कानात चाळीस वर्षं तसाच होता. तेव्हा ती सतराची. बापानं दावा केला होता, यंदा शेत घरच्या माणसांनी कसलंय, कुळाचा हक्क संपला. साक्षीला लेक उभी केली. लेक म्हणाली, कूळच कसतं. जूचंद्र गावची ती जमीन कुळाच्या नावावर झाली. माणिकपुरात, तिच्या गावी, लोक म्हणाले, पोरगी बापापुढंही खरं बोलली. बाप मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

आता त्या कुळाचा मुलगा श्रीपत तीच जमीन बिल्डरला देत होता. सोमवारी बुलडोझर लागणार होता. शेताच्या कोपऱ्यात एक क्रूस होता. आग्नेसचा धाकटा भाऊ खाडीत गेला, देह मिळाला नाही, म्हणून आईनं तो उभारलेला. तेवढा कोपरा वगळ, हे सांगायला ती आली होती. ओल्या बांधावरून, अनवाणी, खाली न बघता.

श्रीपतनं खुर्ची दिली, चहा दिला. कोपरा दिला नाही.

"कायद्यानं बोला, आग्नेसबाय. सातबाऱ्यावर क्रूस नाय."

"कायद्यानं नाही मागत, बाबा. रास्त काय ते विचारते."

"रास्त? माज्या बापाचा घाम हाय त्या मातीत. तुमी बांदावर छत्री धरून उभ्या."

ती एवढंच म्हणाली, की क्रूसाच्या उगवतीला खाली कातळ आहे, नांगर उसळतो तिथं, बुलडोझरवाल्याला सांगून ठेव. श्रीपतला हसू आलं. जमीनदाराच्या लेकीला नांगराचं काय ठाऊक, म्हणाला.

त्याची आई होती तोवर दर साली भाताची पहिली पेंढी माणिकपूरला पोचवायची. एरवी मालकिणीच्या पाया पडतात. त्याची आई मात्र आग्नेसचे तळहात धरून डोळ्यांना लावायची. म्हातारीची खोड, म्हणून श्रीपत सोडून द्यायचा.

चहा निवला. ती उठेना, तसा तो वैतागला.

"कोन कसतं ते कोर्टात तुमीच सांगितलंत. का तवा खोटं बोललात?"

आग्नेसबायनं तळहात उघडून मांडीवर ठेवले.

"त्या पावसाळ्यात तुझा बाप तापानं अंथरुणात होता, श्रीपत. तू आईच्या पोटात. नांगर मी धरला होता. माझा बाप खरं बोलत होता."