विट्याची बस

तालुक्याच्या गावी, विट्याला, लोकांच्या खेपा कमी झाल्या की डिझेलचा धूरही कमी होईल, असं विष्णुपंत गुरुजींनी नववीच्या वर्गाला समजावून सांगितलं आणि मुलांना कामाला लावलं. घरोघरी जाऊन मोठ्यांना फोनवरून बिलं भरायला, पैसे पाठवायला शिकवायचं. स्वप्नानं सगळ्यांत जास्त घरं केली. तिची पहिली विद्यार्थिनी तिची आज्जी, आक्काताई.

पुढं स्वप्ना विट्याच्या कॉलेजात जाऊ लागली आणि महिन्याभरात गावची एकुलती बस बंद झाली. बसायला माणसंच नसतात, असं कारण कळलं.

गुरुजी घरी आले तेव्हा ती दप्तर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती.

"पोरांनी मोटारसायकली घेतल्या, गुरुजी. मला पप्पा म्हणत्यात, कुणाच्या मागं बसून जायचं न्हाई. शिकलीस तेवढं बास."

आतून आक्काताई तावातावानं आल्या.

"आवं, हाय काय त्यात! उद्यापास्नं आमी समद्या बाया पयल्यासारखं विट्याला जाऊन बिलं भरतो. माणसं दिसली की करतील बस चालू!"

स्वप्नानं दप्तर बाजूला ठेवलं.

"आन् आज्जे, विट्याला जाणार कशानं?"