कान रुकय्याचा

ब्याऐंशी साली मी मिरकरवाड्यात मोहल्ल्यातल्या मुलींचे कान टोचायचे. रुकय्याच्या निकाहाला महिना राहिला होता, तेव्हा तिची होणारी सासू तिला घेऊन माझ्याकडे आली. डबीतल्या सोन्याच्या बुगड्या दाखवत म्हणाली, "दोन्ही कानांना वर तीन तीन भोकं पाड. आमच्या घरची रीत आहे." मी सुया उकळत ठेवल्या आणि रुकय्याला सांगितलं, "कानाच्या पाळीचं भोक लवकर बरं होतं. वर कोवळं हाड असतं, तिथे पू झाला तर कान वाकडा होतो. तुला हवीत काय गो?" ती म्हणाली, "नकोत. पाळीलाच आणखी एक पाड. मला लाल खडा घालायचाय." सासू तडकली. "तिला काय विचारतेस? बुगड्या मी दिल्यात." "कान तिचा आहे, भाभी. ती नको म्हणाली, मी टोचणार नाय." बोलले खरी, पण लग्न मोडतं की काय, असं वाटलं. सासू उठून दारापर्यंत गेली आणि थांबली. डोक्यावरचा पदर सरकवून तिने स्वतःचा कान दाखवला. वरचा काठ सुकून आत वळला होता. "दोन महिने ठणकत होता," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाय." ती परत येऊन रुकय्याचा हात धरून बसली. मी पाळी टोचली. रुकय्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान तिने ताठ ठेवली. सासूने वाकून तो कान निरखला आणि मला म्हणाली, "आरसा दे गो. माझी सून किती शोभते, बघू दे तिला."