अडेलचा परवाना

धाकट्या बहिणीला, अडेलला, गोळ्या भरलेलं पिस्तूल गाडीत बाळगायचा परवाना मिळाला आणि व्हर्ननचा जळफळाट सुरू झाला. ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात तीस वर्षं हरणांची शिकार करूनही त्याला मात्र कायद्यानं गाडीत बसण्याआधी बंदूक रिकामी करावी लागे. पिस्तुलासाठीचा त्याचा अर्ज तर न्यायाधीशांनी दोनदा फेटाळला होता.

रविवारी चर्चबाहेर त्यानं तिची गाडी अडवली आणि बॉनेटवर मूठ आपटत ओरडला, "तुझेच बरे एवढे लाड होतात! साधा नेम तरी धरता येतो का तुला? असं काय मोठं कारण लिहिलंस गं अर्जात?"

अडेलनं काच दोन बोटंच खाली केली.

 

"तुझं नाव, दादा."